दुधाचे संशोधन आणि ताकाचे भांडे

कृषी विद्यापीठांच्या ग्रंथालयात साहित्याचा प्राध्यापक सहसा जात नाही. गेलाच तर तिथल्या प्रबंधांच्या कपाटापुढे थांबत नाही. प्रस्तुत लेखक थांबला, त्याला एक विद्यार्थिनी कारण झाली. पशुसंवर्धन व दुग्धशास्त्र या विषयात पदव्युत्तर संशोधन करणारी ही मुलगी चिखली तालुक्यातील दूध उत्पादकांच्या मुलाखती घेत अमडापूरला आली आणि आपली इंग्रजी प्रश्नावली मराठीत करून द्या, अशी तिने विनंती केली. (तिच्या विद्यापीठाचे नाव घेण्याचे कारण नाही, प्रश्न एका विद्यापीठाचा नाही.) भाषांतराला बसलो आणि दुसऱ्याच पानावर अडलो. नवे तंत्र स्वीकारण्याच्या बाबतीत उत्तरदात्याचे पाच वर्ग पाडलेले होते आणि त्यातल्या शेवटच्या वर्गाचे नाव होते 'लॅगार्ड'. याला मराठीत काय म्हणावे? मागासलेला म्हणावे, तर तो शब्द सरकारने आणि समाजाने आमच्या कपाळावर आधीच कोरून ठेवला आहे. रेंगाळणारा म्हणावे, तर दोष पायांचा ठरतो, वाटेचा नाही. त्या एका शब्दाने मला त्या कपाटाकडे नेले. पुढे काही महिने सवड मिळेल तसे मी हे प्रबंध वाचले. त्यांची समीक्षा साहित्याच्या माणसाने करावी काय, असा आक्षेप येईल. माझे म्हणणे असे की, जे लेखन माणसांचे वर्णन करते, त्यांना नावे देते आणि त्या नावांवरून त्यांना काय द्यायचे व काय नाकारायचे हे ठरू देते, ते समीक्षेच्या कक्षेत येतेच.

महाराष्ट्रात 1968 ते 1972 या काळात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार कृषी विद्यापीठे उभी राहिली. त्याच सुमारास, 1970 मध्ये, राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या पुढाकाराने 'ऑपरेशन फ्लड' सुरू झाले आणि ते 1996 पर्यंत तीन टप्प्यांत चालले. युरोपातून देणगी म्हणून आलेली दुधाची भुकटी आणि लोणीतेल विकून त्यातून सहकारी दूध संघांचे जाळे उभारायचे, अशी ती योजना. म्हणजे विद्यापीठातले दुग्धशास्त्र आणि गावातली डेअरी ही जवळजवळ एका वयाची भावंडे आहेत. त्यामुळे दूध, दुधाचा उत्पादक आणि त्याचे समाजजीवन यांविषयीचे प्रबंध शेकड्यांनी निपजले, यात नवल नाही.

या प्रबंधांना एक साचा आहे. एक तालुका घ्यायचा, त्यातली काही गावे, त्या गावांतले शंभर-सव्वाशे पशुपालक. त्यांचे वय, शिक्षण, जमीन, कुटुंबाचा आकार, जनावरांची संख्या, 'सामाजिक प्रवर्ग' यांची कोष्टके मांडायची. मग त्यांनी कृत्रिम रेतन, लसीकरण, संतुलित खुराक, स्वच्छ दूधनिर्मिती यांचा कितपत अवलंब केला याचे गुण द्यायचे. गुणांची सरासरी काढायची, तिच्या खाली-वर एक प्रमाण विचलन मोजायचे आणि माणसांचे 'कमी', 'मध्यम', 'जास्त' असे तीन ढीग करायचे. निष्कर्ष असा येतो की बहुसंख्य उत्पादकांचा अवलंब 'मध्यम' आहे. हा निष्कर्ष वाचताना मला प्रथम वाटले की आपले शेतकरी फारच एकसारखे असावेत. नंतर गणिताच्या प्राध्यापक मित्राने समजावले की साधारण वितरणात सरासरीच्या दोन्ही बाजूंना एक प्रमाण विचलन घेतले की सुमारे 68 टक्के लोक मधल्या ढिगात पडतातच. गावात जाण्यापूर्वीच निष्कर्ष ठरलेला असतो. गावात जायचे ते सह्या-अंगठ्यांपुरते.

'लॅगार्ड'चेही तसेच. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ एव्हरेट रॉजर्स यांच्या 1962 च्या 'डिफ्यूजन ऑफ इनोव्हेशन्स' या ग्रंथातून हा शब्द आपल्याकडे आला. आयोवा राज्यातले शेतकरी संकरित मक्याचे बियाणे कसकसे स्वीकारत गेले, याचा अभ्यास रायन आणि ग्रॉस यांनी 1943 मध्ये प्रसिद्ध केला होता. त्या परंपरेत रॉजर्स वाढले. त्यांच्या वर्गवारीत शेवटच्या 16 टक्क्यांना हे नाव आहे. हे 16 टक्के मोजून सापडलेले नाहीत. सरासरीपासून एक विचलन मागे असलेले ते सगळे, अशी व्याख्याच आहे. उद्या चिखली तालुक्यातला प्रत्येक माणूस संकरित गाय बांधू लागला तरी शेवटी बांधणारे 16 टक्के मागे राहणारेच ठरतील. आयोवाच्या शेतकऱ्याला निदान जमीन तरी होती. ज्याच्याजवळ गोठा बांधायला दहा हात जागा नाही त्याला त्याच पट्टीने मोजणे, याला शास्त्र म्हणायचे काय?

जुलै 2006 मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केले, त्यात बुलढाणा होता. त्या पॅकेजात अनुदानावर दुभत्या गाई देण्याची योजना होती. कोरडवाहू शेतकऱ्याला ही गाय पोसणे कसे परवडत नाही, तिच्या ढेपेचा आणि हिरव्या चाऱ्याचा खर्च घराला कसा खातो, हे पत्रकार पी. साईनाथ यांनी तेव्हाच लिहिले होते. ज्याने हिशेब केला आणि गाय नाकारली तो या प्रबंधांच्या पट्टीवर खालच्या ढिगात गेला असता. नकार देण्यामागे बुद्धी असू शकते, ही शक्यता त्या पट्टीवर कोरलेलीच नाही. दलित साहित्याच्या वाचकाला हे नवे वाटू नये. आमच्या नकारालाही प्रस्थापितांनी अडाणीपणा म्हणूनच आधी पाहिले होते.

आता ताकाकडे येतो.

'ताकाला जाऊन भांडे लपवणे' ही म्हण आपण सगळे वापरतो. तिच्यात एक संपूर्ण अर्थव्यवस्था दडलेली आहे. ज्याच्या घरी दुभते, त्याच्या घरी दही घुसळले जाई, लोणी काढून तूप होई आणि उरलेले ताक मागेल त्याला फुकट मिळे. तूप विकाऊ होते, ताक नव्हते. कोरड्या भाकरीला तेवढाच ओलावा. डेअरी आली, सकाळ-संध्याकाळ दूध कॅनमध्ये जाऊ लागले आणि घुसळणे थांबले, तेव्हा गरिबाच्या ताटातले ताक आटले. 1980 च्या दशकात ऑपरेशन फ्लडवर मोठा वाद झाला. क्लॉड अल्वारिस यांनी 1983 मध्ये 'इलस्ट्रेटेड वीकली'त टीकेची झोड उठवली, शांती जॉर्ज यांनी 1985 च्या आपल्या ग्रंथात या धोरणाची कसून तपासणी केली. गावाचे दूध शहराने प्यायले आणि गावातल्या गरिबाचे ताकही गेले, हा त्या काळच्या टीकाकारांचा एक मुद्दा होता. तो खरा आहे. पण त्या टीकेच्या आडून जुन्या गावाचे जे गोडवे गायले जातात ते आम्हाला मान्य करता येत नाहीत. फुकटचे ताक आम्हाला मिळे ते कसे? भांडे अंगणात खाली ठेवायचे, आपण दूर सरायचे, आणि वरून धार सोडली जायची. धार भांड्यात पडली काय आणि बाहेर सांडली काय, बोलायची सोय नव्हती. ज्याला भांडे लपवता येते त्याचा संकोच हा बरोबरीतल्या माणसाचा संकोच आहे. आमचे भांडे लपवण्याजोगे नव्हतेच. ते सगळ्या गावाला दिसेल असे ठेवावे लागे. म्हणून ताक गेले याचे दुःख करताना ती धारही गेली, हे ध्यानात ठेवले पाहिजे. डेअरीचे टीकाकार आणि डेअरीचे भाट, दोघांच्याही लेखनात ही धार नाही.

भाटांचा मुख्य दावा असा की संकलन केंद्रावर सगळ्या जातींची माणसे एका रांगेत उभी राहतात आणि फॅट मोजणाऱ्या यंत्राला जात कळत नाही. यंत्राबाबत हे खरेच आहे. गर्बर पद्धतीत 10 मिलीलिटर गंधकाम्ल, 10.75 मिलीलिटर दूध, 1 मिलीलिटर अमाइल अल्कोहोल घालून नळी फिरवली की चरबी वर येते; दूध कोणाच्या गोठ्यातले, हे आम्ल विचारत नाही. 3.5 फॅट, 8.5 एसएनएफ भरले की भाव ठरला. शतकानुशतके ज्यांच्या मालाचे मोल माल पाहून ठरलेच नाही, त्यांना या नळीचे महत्त्व वेगळे सांगायला नको. प्रस्तुत लेखकाच्या आईने दुसऱ्याची म्हैस अर्धलीने पोसली आणि घरातल्या पहिल्या पदवीधराच्या परीक्षेची फी त्यातून भरली. डेअरीला शिव्या देणे मला सोपे नाही.

पण नळीपर्यंत दूध पोचायचे कसे? घनश्याम शाह, हर्ष मंदर, सुखदेव थोरात, सतीश देशपांडे आणि अमिता बाविस्कर यांचा ग्रामीण भारतातील अस्पृश्यतेवरचा ग्रंथ 2006 मध्ये आला. 11 राज्यांतील 565 गावांची पाहणी त्यामागे आहे. पाहणीत असे आढळले की सुमारे 47 टक्के गावांत दलितांना सहकारी संस्थेला दूध विकू दिले जात नाही आणि सुमारे 25 टक्के गावांत विकत घेऊही दिले जात नाही. एका गावच्या संकलन केंद्रावर माझ्या आईला सांगितले गेले होते की तुम्ही सगळ्यांच्या मागून या. तिचे दूध वेगळ्या कॅनमध्ये ओतले जाई. ती घरी येऊन म्हणाली होती, "दूध त पांढरंच हाये ना बापा, मंग कॅन कावून येगळी?" या प्रश्नाचे उत्तर मला अद्याप कोणत्याही प्रबंधात सापडलेले नाही. प्रश्नही सापडलेला नाही. 'सामाजिक प्रवर्ग' हा रकाना असतो, त्यात खुला, इमाव, अजा, अज अशा खुणा असतात आणि मग त्या रकान्याचा अवलंबनाशी 'सहसंबंध आढळला नाही' किंवा 'आढळला' असे एक वाक्य येते. जात ही दोन माणसांमधली वागणूक आहे; ती एका माणसाच्या नावापुढच्या खुणेत मावत नाही.

दुधाचा आणि स्पर्शाचा संबंध जुना आहे. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली महाडच्या चवदार तळ्याचे पाणी अस्पृश्यांनी घेतले. त्यानंतर सनातन्यांनी तळे शुद्ध केले ते कशाने? 108 घागरी पाणी काढून त्यात दूध, दही, शेण, गोमूत्र मिसळून. माणसाच्या ओंजळीने बाटलेले पाणी जनावराच्या शेणाने पवित्र झाले. त्याच वर्षी गांधीजी पंडित मालवीयांसह बंगळूरच्या इंपीरियल पशुसंवर्धन व दुग्धसंस्थेत गोपालनाचे शास्त्रीय शिक्षण घ्यायला गेले होते. त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. भारतातले दुग्धशास्त्र 1889 मध्ये अलाहाबादच्या लष्करी डेअरीपासून गोऱ्या पलटणींची सोय म्हणून सुरू झाले. ते देशाच्या कामी यावे, असे कोणालाही वाटेल. पण 1927 ही तारीख दुग्धशास्त्राच्या इतिहासात बंगळूरच्या त्या भेटीसाठी नोंदली जाते आणि महाडचे दूध त्या इतिहासात कुठेच नसते. एकाच वर्षातले दूध एका पुस्तकात येते, दुसऱ्या पुस्तकात येते, आणि ही दोन पुस्तके एका टेबलावर कधी उघडली जात नाहीत.

महाडच्या परिषदेतच मेलेल्या जनावराचे मांस खाऊ नका, मेलेले ढोर ओढू नका, असे आवाहन झाले होते. या आवाहनाचा अर्थ पंडितांना किती कमी कळला, याचा नमुना म्हणून मार्विन हॅरिस यांच्या लेखाकडे पाहावे. 1966 मध्ये 'करंट अँथ्रोपॉलॉजी'त या अमेरिकन मानवशास्त्रज्ञाने भारतातील पवित्र गाईचा सिद्धांत मांडला. गाईला न मारणे हा अंधविश्वास नसून त्यामागे परिस्थितीचे शहाणपण आहे. बैल मिळतो, शेण मिळते, इंधन मिळते, काहीच वाया जात नाही. मेल्यावर तिचे मांस अस्पृश्य जाती खातात आणि चामडेही उपयोगी येते, म्हणून तेही वाया जात नाही. या लेखावर जगभर चर्चा झाली. आपल्याकडे वि. म. दांडेकरांनी 1964 मध्येच गुरांच्या संख्येचा प्रश्न मांडला होता, 1971 मध्ये के. एन. राज यांनी लिहिले. हा सगळा वाद बुद्धिमान माणसांचा आहे आणि त्यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे. पण हॅरिसच्या त्या नेटक्या चक्रात आमची जागा पाहा. आमचे पोट हा त्या व्यवस्थेचा शेवटचा खड्डा आहे. तो खड्डा आहे म्हणून व्यवस्था काटकसरी ठरते. ज्या दिवशी आमच्या आजोबा-पणजोबांनी ढोर ओढणे सोडले, त्या दिवशी त्या सिद्धांताची एक कडी निखळली, आणि गावोगाव बहिष्कार पडले ते निखळलेली कडी पुन्हा बसवण्यासाठी. 1948 च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात बाबासाहेबांनी गोमांस आणि अस्पृश्यता यांचा संबंध इतिहासातून मांडला होता. गाईविषयी सिद्धांत मांडणाऱ्याने तो ग्रंथ ओलांडून पुढे जाऊ नये, एवढीच अपेक्षा होती.

हे जुने झाले, असे म्हणणाऱ्यांनी 11 जुलै 2016 आठवावा. गुजरातेत उनाजवळ मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना उघड्यावर मारहाण झाली. त्यानंतर सुरेंद्रनगरला दलितांनी मेलेली जनावरे जिल्हाधिकारी कचेरीपुढे आणून टाकली. ज्या राज्याने देशाला आणंदचा नमुना दिला, त्याच राज्यात. गाय जिवंत असेपर्यंत तिच्या प्रत्येक वेताची, प्रत्येक लिटरची नोंद आहे. ती भाकड झाली की प्रबंध तिच्यापासून तोंड फिरवतो. 2015 मध्ये महाराष्ट्राने 1976 च्या कायद्यात दुरुस्ती करून बैलांच्या कत्तलीवरही बंदी आणली. तेव्हापासून म्हातारे जनावर दावणीला बांधून ठेवायचे की सोडून द्यायचे, हा प्रश्न दूध उत्पादकाच्या अंगणात उभा आहे. दुग्धव्यवसायाच्या नफ्यातोट्याच्या कोष्टकात त्याला किती जागा मिळाली?

चाऱ्याविषयी मात्र सगळे प्रबंध बोलतात. 'हिरव्या चाऱ्याची टंचाई' हा अडचणींच्या यादीतला कायमचा मानकरी. उन्हाळ्यात सोयाबीनचे, तुरीचे कुटार आणि कडबा यावर ढोरे जगतात, हे आमच्या भागात कोणालाही दिसते. कारण म्हणून 'गायरानांवरील अतिक्रमण' असे दोन शब्द लिहिले जातात. त्या दोन शब्दांत कोणाचे घर, कोणाचे एक-दोन एकर आहे? जोतीराव फुल्यांनी 1883 च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जंगलखात्याने शेतकऱ्याच्या गुरांची चराई कशी बंद केली ते लिहिले. म्हणजे कुरण हिरावले गेले तेव्हा हिरावणारा भूमिहीन नव्हता, सरकार होते. 1964 मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाने भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह केला, हजारो माणसे तुरुंगात गेली. त्या लढ्यांच्या रेट्याने पुढे 28 नोव्हेंबर 1991 चा शासन निर्णय आला आणि 14 एप्रिल 1990 पूर्वीची गायरानावरील भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. 2011 मध्ये जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावठाणे-गायराने मोकळी करण्यास सांगितले. भूमिहीन आणि अनुसूचित जाती-जमातींना रीतसर दिलेल्या जमिनींचा अपवाद त्याच निकालात आहे, तो मात्र कोणी वाचून दाखवत नाही. 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा विषय स्वतःहून हाती घेतला तेव्हा वस्त्यांवस्त्यांतून नोटिसांची धास्ती पसरली. अशा वेळी प्रबंधातले 'अतिक्रमण' हे दोन ओळींचे कारण पुराव्यासारखे वापरले जाऊ शकते, याचे भान संशोधकाला हवे.

मग चांगले संशोधन कसे असते? माझ्यापुढे शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' हे 2015 चे पुस्तक आहे. पाटोळे दुग्धशास्त्रज्ञ नव्हेत. मराठवाड्यातील महार-मांगांच्या खाण्यापिण्याचे हे पुस्तक आहे, आणि त्यातल्या स्वयंपाकात तेल, तूप, दूध जवळजवळ नाही. दुधाच्या देशात दुधावाचून स्वयंपाक कसा उभा राहिला, हे हे पुस्तक पदार्थापदार्थाने दाखवते. दुग्धशास्त्राच्या एखाद्या विभागाने ते पाठ्यपुस्तक म्हणून लावावे, असे मी गंभीरपणे सुचवतो. दरडोई दुधाची सरासरी काढणाऱ्याला, सरासरीत न आलेली ताटे त्यात दिसतील.

आमच्या साहित्यालाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. 'बलुतं' (1978) पासून आत्मकथनांनी मेलेल्या ढोराविषयी जे लिहिले त्याला मराठीत तोड नाही. पण जिवंत ढोराविषयी आम्ही फार कमी लिहिले आहे, असे मला वाटते. सावकाराची म्हैस अर्धलीने पोसणारी बाई, पहाटे शेण काढणारी, गोवऱ्या थापणारी, धार काढून एक थेंबही घरात न ठेवता कॅन घेऊन निघणारी, आणि पगारात दूध संस्थेच्या सभासदाच्या जागी नवऱ्याचे नाव पाहणारी, ही बाई आमच्या कथेत अजून पुरती आलेली नाही. प्रबंधात ती 'कौटुंबिक श्रम' या रकान्यात आहे. आमच्याकडे ती आई म्हणून आहे. उत्पादक म्हणून नाही. दोन्ही ठिकाणी तिचा हिशेब राहिला.

त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नावलीचे पुढे असे झाले. 'लॅगार्ड'च्या जागी आम्ही 'अवलंब न केलेले' असे लिहिले आणि त्यापुढे 'कारण' अशी रिकामी ओळ ठेवली. शिवाय चार प्रश्न वाढवले. गोठा कोणाच्या जागेवर आहे? शेण कोण काढते आणि ते कोणाच्या शेतात जाते? घरात रोज किती दूध राहते आणि ते कोण पिते? जनावर मेले तर कोण उचलते? तिच्या मार्गदर्शकांनी पहिले तीन ठेवले. चौथ्यावर पेन्सिलीने रेघ मारून शेजारी 'विषयाशी संबंध नाही' असे लिहिले. मुलगी हुशार. तिने छापील प्रश्नावलीतून तो काढला आणि प्रत्येक मुलाखतीच्या शेवटी, कागद मिटल्यावर, तोंडीच विचारला. उत्तरे तिने वहीच्या मागच्या पानांवर लिहून ठेवली आहेत. प्रबंधात ती येणार नाहीत. ती नीट उतरवून या त्रैमासिकाकडे पाठव, असे मी तिला सांगितले आहे.